विल्सन एक नव्हे, अनेक

भंडारदऱ्याचे विल्सन धरण आणि गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज यांना एकाच माणसाचे नाव दिले आहे, हा महाराष्ट्रातला एक चिवट गैरसमज आहे. त्याची रूपेही बदलत राहतात. कुणी धरणाच्या गव्हर्नरला कॉलेजचा संस्थापक करतो, तर कुणी कॉलेजच्या मिशनऱ्याला गव्हर्नरच्या खुर्चीत बसवतो. कल्पनाशक्ती जरा जास्तच धावली, तर दोन्ही वास्तूंवर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव चढते. आडनाव एक म्हणजे माणूस एक, किंवा निदान घराणे तरी एक, असे गृहीत धरले की पुढची चूक आपोआप घडते. वास्तविक हा घोळ निस्तरायला चार तारखा पुरतात.

कॉलेजचे विल्सन म्हणजे रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडील लॉडर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत आले आणि मराठी शिकले. मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. जॉन यांनी १८३२ मध्ये गिरगावात सुरू केलेली आंब्रोळी येथील इंग्रजी शाळा हे आजच्या कॉलेजचे मूळ. संस्थेला विल्सन यांचे नाव पुढे मिळाले आणि चौपाटीसमोरची गॉथिक धाटणीची इमारत १८८९ मध्ये उभी राहिली. जॉन विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. गव्हर्नर मात्र ते कधीच नव्हते. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. शंका असल्यास जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे जाडजूड चरित्र पाहावे.

धरणाचे विल्सन म्हणजे सर लेस्ली ऑर्म विल्सन. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १८७६ चा. म्हणजे कॉलेजचे विल्सन वारले तेव्हा धरणाचे विल्सन जन्मालाही आले नव्हते. खरे तर वाद इथेच संपायला हवा. लेस्ली विल्सन रॉयल मरीन्समधले अधिकारी. पुढे ते ब्रिटिश संसदेत हुजूर पक्षाचे सदस्य आणि प्रतोद झाले आणि १९२३ ते १९२८ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर राहिले. मुंबईनंतर १९३२ ते १९४६ अशी चौदा वर्षे ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चरित्रकोशात त्यांची नोंद आहे आणि त्यात मुंबईचा कार्यकाळही दिला आहे.

या गैरसमजाला एक जोडगैरसमजही आहे: धरण विल्सन यांनी बांधले. प्रवरा नदीवरच्या या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले. तेव्हा लेस्ली विल्सन यांचा मुंबईशी काडीचाही संबंध नव्हता. काम पूर्ण झाले तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीवर ते होते, १० डिसेंबर १९२६ रोजी त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धरणाला त्यांचे नाव लागले. हा रिवाज किती सर्रास होता ते भोरजवळच्या भाटघर धरणावरून दिसते. त्याचे लॉइड धरण हे नाव आधीचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून पडले, आणि सिंधमधील सक्करच्या बंधाऱ्यालाही याच लॉइडसाहेबांचे नाव मिळाले. भंडारदऱ्याच्या जलाशयाचे ‘आर्थर हिल’ हे नावही असेच चकवणारे. त्यातल्या ‘हिल’वरून काही लोक तिथे आर्थर नावाची टेकडी शोधतात. आर्थर हिल हे पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याचे नाव होते, आणि ‘हिल’ हे त्यांचे आडनाव.

मग वुड्रो विल्सन यात कुठून घुसले? त्याचे कारण सापडते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर खरोखरच एक विल्सन धरण आहे. १९१८ ते १९२४ या काळात बांधलेल्या त्या धरणाला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचेच नाव आहे. दोन्ही धरणे साधारण एकाच काळातली आणि नाव तर तेच. तेव्हा परदेशी माहिती वाचून ती भंडारदऱ्याला चिकटवण्याचा मोह होत असावा. पण अलाबामाचे धरण लांबीने सुमारे १.४ किलोमीटर आणि उंचीने जेमतेम ४२ मीटर आहे, तर भंडारदऱ्याची भिंत सुमारे ८२ मीटर उंच. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवली तरी हा प्रश्न पडू नये. शिवाय भंडारदऱ्याच्या उद्घाटनाआधी जवळपास तीन वर्षे, फेब्रुवारी १९२४ मध्ये, वुड्रो विल्सन वारले होते.

दुसरा घोळ शिकल्यासवरल्या लोकांचा, म्हणून तो जास्त खटकतो. मुंबई विद्यापीठातील ‘विल्सन फिलॉलॉजिकल लेक्चर्स’ ही भाषाशास्त्रावरची व्याख्यानमाला प्रसिद्ध आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर १८७७ मध्ये दिलेली व्याख्याने याच मालेतली. विषय संस्कृत, नाव विल्सन. तेव्हा हे संस्कृत कोशकार विल्सनच असणार, असे धरून चालणारे अभ्यासकही भेटतात. कोशकार होरेस हेमन विल्सन वेगळे. लंडनमध्ये १७८६ साली जन्मलेले हे गृहस्थ वैद्यक शिकलेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १८०८ मध्ये ते कलकत्त्याला गेले, रसायनशास्त्राच्या जाणकारीमुळे तिथल्या टांकसाळीत लागले आणि फावल्या वेळात संस्कृत शिकले. मेघदूताचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८१३ चा, संस्कृत–इंग्रजी कोश १८१९ चा, विष्णुपुराणाचा अनुवाद १८४० चा. त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल आणि नंतर ऑक्सफर्ड. मुंबईची व्याख्यानमाला जॉन विल्सन यांच्या गौरवार्थ स्थापन झाली.

जॉन यांचा भाषेशी काय संबंध, असा प्रश्न यावर येतो. संबंध चांगलाच होता. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेची घटना आणि प्रसार यांवरचे टिपण जोडले आहे, ते जॉन विल्सन यांचे. गिरनारच्या अशोककालीन लेखाची प्रत जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पोचली, तीही त्यांच्यामार्फत. ब्राह्मी लिपीच्या वाचनात तिचा मोठा उपयोग झाला.

आणखी एक गोष्ट जॉन आणि होरेस यांची सरमिसळ घडवते. ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचे बोडेन अध्यासन स्थापन झाले, ते मुंबईच्या देशी पायदळात नोकरी केलेल्या जोसेफ बोडेन यांच्या देणगीतून. ख्रिस्ती धर्मप्रसाराला मदत व्हावी हा त्यांचा उघड हेतू. त्यामुळे त्यावर बसलेले विल्सन मिशनरी असणार आणि मिशनरी विल्सन म्हणजे मुंबईचे, अशी तर्काची साखळी तयार होते. प्रत्यक्षात ते अध्यासन १८३२ मध्ये २०७ विरुद्ध २०० अशा काठावरच्या मतांनी होरेस यांना मिळाले, आणि ते धर्मोपदेशक नाहीत हा त्यांच्या विरोधकांचा एक मोठा आक्षेप होता.

याच १८३२ मध्ये तिसरे विल्सन हिंदुस्थानच्या इतिहासात दाखल झाले: डॅनियल विल्सन, कलकत्त्याचे बिशप. तेव्हा एकाच वर्षी एका विल्सनांनी गिरगावात शाळा काढली, दुसरे ऑक्सफर्डला प्राध्यापक निवडले गेले आणि तिसऱ्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यांतल्या जॉन आणि डॅनियल यांची सरमिसळ करणाऱ्यांना एवढे सांगणे पुरे, की जॉन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे होते आणि त्या पंथात बिशप हे पदच नसते. कलकत्त्याचे सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधून घेतले ते अँग्लिकन डॅनियल यांनी.

चौथे जेम्स विल्सन. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक त्यांनी १८४३ मध्ये सुरू केले आणि चार्टर्ड बँकेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. १८५७ च्या उठावानंतर सरकारची विस्कटलेली तिजोरी सावरायला १८५९ मध्ये त्यांना हिंदुस्थानात पाठवले गेले. त्यांनी १८६० मध्ये इथला पहिला अर्थसंकल्प मांडला, आयकर आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने ते दगावले. होरेस विल्सन लंडनमध्ये वारले तेही १८६० मध्येच, मे महिन्यात. कालरेषेवर ‘विल्सन, मृत्यू १८६०’ एवढेच लिहिणाऱ्यांनी कोणत्या विल्सनला मारले, ते वाचकानेच ओळखायचे.

जेम्स यांचे जन्मगाव हॉइक आणि जॉन यांचे लॉडर ही दोन्ही स्कॉटलंडच्या सीमाभागात, एकमेकांपासून फार दूर नाहीत; वयात अंतर जेमतेम सहा महिन्यांचे. यावरून त्यांना चुलतभाऊ ठरवायला कुणालाही आवडेल. पण जेम्स हे क्वेकर पंथाच्या लोकर-कारखानदाराचे चिरंजीव, जॉन प्रेस्बिटेरियन शेतकऱ्याचे. विल्सन हे ‘विल’ या बापाच्या नावावरून पडलेले आडनाव. नॉर्मन विजयानंतर विल्यम हे नाव इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये घरोघरी झाले, आणि आडनावे स्थिर होत गेली तेव्हा ठिकठिकाणच्या विलच्या मुलांना हेच आडनाव स्वतंत्रपणे चिकटले. स्कॉटलंडमध्ये ते आजही सर्वांत जास्त आढळणाऱ्या मोजक्या आडनावांत मोडते. महाराष्ट्रातले सगळे पाटील एका वाड्यातले नसतात, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. इंग्रजी आडनाव समोर आले की मात्र हेच शहाणपण गळून पडते.

पहिले नाव जुळले तरी भागत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे आणि पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले जेम्स विल्सन हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात जन्मले होते. वुड्रो विल्सन यांचे आजोबाही जेम्स विल्सनच. ते आयर्लंडच्या स्ट्राबेन भागातून अमेरिकेत गेले. आणि १९६४ ते १९७० व पुन्हा १९७४ ते १९७६ ब्रिटनचे पंतप्रधान असलेले हॅरोल्ड विल्सन यांचे पूर्ण नाव जेम्स हॅरोल्ड विल्सन. यांपैकी कुणीही हिंदुस्थानात आयकर आणला नाही.

उरलेल्या समजुतींना एकेक ओळ पुरते. विल्सन रोग म्हणजे अध्यक्ष विल्सन यांना झालेला आजार नव्हे. त्यांना १९१९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. यकृत आणि मेंदूत तांबे साचवणाऱ्या या आनुवंशिक रोगाचे नाव सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन या चेतारोगतज्ज्ञावरून पडले, आणि त्यांचा मूळ निबंध १९१२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. पावसाळ्याच्या सुमारास अरबी समुद्रात दिसणारा ‘विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल’ हा छोटा समुद्रपक्षी अंटार्क्टिकाकडे वीण करतो, म्हणून त्याचे नाव कॅप्टन स्कॉटबरोबर तिथे मरण पावलेल्या एडवर्ड विल्सन यांच्यावरून पडले असे सांगितले जाते. पण ते नाव एडवर्ड यांच्या जन्माआधीचे आहे आणि स्कॉटलंडच्या पेझ्ली गावचा विणकर, कवी आणि पुढे अमेरिकेतला पक्षितज्ज्ञ झालेल्या अलेक्झांडर विल्सन यांच्या स्मरणार्थ आहे. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी जिथून दूरच्या दीर्घिकांचा वेध घेतला ती माउंट विल्सन वेधशाळा कुणा शास्त्रज्ञाच्या नावाची नाही. डोंगराला कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन विल्सन या जमीनदाराचे नाव आहे. टेनिसच्या रॅकेटवरचे विल्सन हे खेळाडू नव्हते, मांस-व्यवसायातले उद्योजक होते. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे विल्सन तीन, आणि तिघांची कामे वेगवेगळी: चार्ल्स थॉमसन रीस विल्सन यांचे मेघकोष्ठासाठी (१९२७), रॉबर्ट वुड्रो विल्सन यांचे विश्वातील सूक्ष्मतरंग प्रारणाच्या शोधासाठी (१९७८), केनेथ विल्सन यांचे प्रावस्था संक्रमणाच्या सिद्धांतासाठी (१९८२).

आडनाव नेहमी बापाकडूनच येते, हेही खरे नाही. दोनदा पुलित्झर मिळवणारे अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन जन्मले ते फ्रेडरिक ऑगस्ट किटेल म्हणून. वडील जर्मन, आई कृष्णवर्णीय. ‘विल्सन’ हे आईचे आडनाव त्यांनी स्वतः घेतले.

भारतात तर विल्सन हे पुष्कळदा आडनावच नसते. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे आणि २०१६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळालेले बेझवाडा विल्सन कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत वाढले. दोघांचेही ‘विल्सन’ हे ठेवलेले नाव आहे. कोशात आणि ग्रंथालयाच्या सूचीत आडनावानुसार पहिल्यांची नोंद ‘ज’ खाली आणि दुसऱ्यांची ‘ब’ खाली हवी.