अमरत्व नाकारणारी मुले

दिवाळी अंक वाचणाऱ्या जाणत्या वाचकाला 'कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या जादूच्या कादंबऱ्या वाचा' असे सुचवणे थोडे धाडसाचेच आहे. अशा पुस्तकांविषयी आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. एक, ती वास्तवापासून पळ काढणारी असतात. दुसरा, ती फार तर मुलांना वाचनाची गोडी लावण्यापुरती उपयोगाची. पुढे 'खरे' साहित्य वाचायला लागले की ती मागे सोडायची. हे दोन्ही समज तपासून पाहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. इंग्रजी वाङ्मयाचे माझे शिक्षण वर्गात झालेले नाही. वाचनालये, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि एका पुस्तकाने दुसऱ्याकडे बोट दाखवणे, एवढाच माझा अभ्यासक्रम. त्या वाचनातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा नजरेला आली. या कादंबऱ्यांपैकी ज्या उत्तम आहेत, त्यांचा मुख्य विषय जादू नाही, मृत्यू आहे. मृत्यू टाळू पाहणारा त्यांत बहुधा खलनायक होतो आणि मृत्यू समजून घेणारे मूल मोठे होते.

प्रथम 'यंग अडल्ट' या नावाविषयी. बालसाहित्य आणि प्रौढ साहित्य यांच्यामधले हे दालन मुख्यतः अमेरिकेतील ग्रंथपालांनी उभे केले. तेथील ग्रंथालय संघटनेने या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग १९५७ मध्ये केला. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली आणि या वाचकाचे अस्तित्व प्रकाशकांना मान्य करावे लागले. त्याच सुमारास बर्कली येथील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने उर्सुला ले ग्विन यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली. त्यातून १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' जन्माला आली. मला एकच पुस्तक सुचवायचे असते, तर मी हेच सुचवले असते.

अर्थसी हे शेकडो बेटांचे जग आहे. तेथील जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक, त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे रोजच्या व्यवहारात दुसरेच नाव वापरतात आणि खरे नाव जिवलगालाच सांगतात. कथानायक तेरा वर्षांचा होतो तेव्हा त्याला नदीच्या थंड पाण्यातून चालत पलीकडे यावे लागते आणि काठावर उभा असलेला गुरू त्याच्या कानात 'गेड' हे नाव कुजबुजतो. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याची रीत आणि मुंजीत बटूच्या कानात दिला जाणारा मंत्र ज्यांना परिचित आहे, अशा मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ होते. विधींना असलेले वजन या लेखिकेला घरातूनच ठाऊक असणार.

गेड हुशार आहे आणि गर्विष्ठही. जादूच्या विद्यालयात सहाध्यायावर मात करण्याच्या ईर्षेने तो मृतांच्या जगातून एका स्त्रीचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून तिच्याबरोबर एक काळी छाया आत येते, आणि ती फट बुजवताना विद्यालयाच्या वृद्ध प्रमुखाचा जीव जातो. पुढची सारी कादंबरी म्हणजे आधी छाया गेडच्या मागे आणि मग गेड छायेच्या मागे, असा प्रवास आहे. अखेरीस जगाच्या टोकाला तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव 'गेड' हेच असते. युद्ध नाही, वध नाही. स्वतःच्या मरणाला स्वतःचे नाव देणे, एवढाच या कथेचा विजय. आणखी एक गोष्ट. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि त्या जगातील बहुतेक माणसे सावळी किंवा काळी आहेत. ले ग्विन यांनी हे जाणूनबुजून केले होते. तरीही अनेक मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवले गेले, आणि २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोराच नट घेतला गेला, तेव्हा लेखिकेने जाहीर लेख लिहून निषेध नोंदवला.

या मालिकेतील तिसरी कादंबरी 'द फार्देस्ट शोअर' १९७२ ची. तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. इथे एका मांत्रिकाला मृत्यू नको आहे. त्यासाठी त्याने जीवन आणि मरण यांच्यामधले दार कायमचे उघडे ठेवले आहे आणि त्या दारातून जगाचा सारा जीवनरस वाहून चालला आहे. मंत्र विसरले जात आहेत, गाणी आठवत नाहीत, कारागिरांचे हात चालेनासे झाले आहेत. अमरत्वाची किंमत म्हणजे जगण्यातले सारे मोल, हे समीकरण इतक्या स्पष्टपणे मांडणारी दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही. ते दार बंद करण्यासाठी गेडला आपली सगळी शक्ती खर्चावी लागते.

या कादंबरीतील मृतांचा प्रदेश कोरडा आहे. तेथे पाणी नाही, तारे मावळत नाहीत, आणि जे एकमेकांसाठी मेले तेही रस्त्यात परक्यासारखे समोरून निघून जातात. हे चित्र विसरता येत नाही. पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. २००१ मध्ये, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, ले ग्विन यांनी 'दि अदर विंड' लिहिली आणि स्वतःच रचलेला तो प्रदेश मोडून टाकला. तेथे मृत माणसे दगडी भिंतीपाशी येऊन 'आम्हाला सोडवा' अशी विनवणी करतात. उलगडा असा होतो की तो कोरडा प्रदेश निसर्गाने केलेला नाही. फार पूर्वी मांत्रिकांनीच अमरत्वाच्या हव्यासापायी तो निर्माण केला होता. भिंत पडते, मृत मुक्त होतात, मातीत, उजेडात, वाऱ्यात मिसळून जातात. एवढ्या प्रदीर्घ काळानंतर आपल्याच कल्पितसृष्टीला प्रश्न विचारणारी ही कादंबरी, 'हे मुलांचे साहित्य' म्हणून बाजूला ठेवता येईल काय?

नॅटली बॅबिट यांची 'टक एव्हरलास्टिंग' (१९७५) आकाराने लहान, दीडेकशे पानांची. १८८० च्या ऑगस्टमध्ये विनी फॉस्टर या दहा वर्षांच्या मुलीला गावाजवळच्या रानात एक झरा सापडतो. टक कुटुंबाने सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी त्याचे पाणी प्यायले आणि तेव्हापासून त्यांचे वय थांबले आहे. थोरल्या मुलाची बायको घाबरून, लेकरे घेऊन त्याला सोडून गेली. ही माणसे कोठेही फार दिवस राहू शकत नाहीत, कारण शेजाऱ्यांच्या लक्षात येते. म्हातारा अँगस टक विनीला होडीत बसवून तळ्यात नेतो आणि वाहत्या पाण्याकडे बोट दाखवत सांगतो, की आपण चाकावरून खाली पडलो आहोत, आणि मरणे हा त्या चाकाचाच भाग आहे. आपल्याला येथे अश्वत्थामा आठवतो. भळभळती जखम घेऊन फिरणाऱ्या त्या चिरंजीवाची गोष्ट ज्या समाजाने शतकानुशतके सांगितली, त्याला टक कुटुंबाचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. फरक असा, की अश्वत्थाम्याला अमरत्व शाप म्हणून भोगावे लागले. विनीपुढे ते भेट म्हणून येते. धाकटा जेसी तिला त्या पाण्याची बाटली देतो : सतरा वर्षांची झालीस की पी, मग आपण कायम बरोबर राहू. विनी काय करते, ते आपल्याला शेवटच्या प्रकरणात, १९५० साली, एका थडग्यावरच्या दगडावरून कळते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला दीर्घायुष्य, हत्ती-घोडे, सारे देऊ करतो आणि मुलगा ते परत करतो. विनी ही मला नेहमी त्याच घरातली वाटली.

सगळ्याच लेखकांचे एकमत आहे असे मात्र नाही. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेची 'द ब्रदर्स लायनहार्ट' (१९७३) या बाबतीत सर्वांत वादग्रस्त. थोरला योनातान जळत्या घरातून आजारी धाकट्या भावाला पाठीवर घेऊन उडी मारतो आणि स्वतः मरतो. काही दिवसांनी धाकटा कार्लही जातो, आणि दोघे नांगियाला नावाच्या प्रदेशात भेटतात. पण तेथेही जुलमी राजा आहे, अग्नी ओकणारी राक्षसीण आहे, मरण आहे. शेवटी योनातान पांगळा होतो तेव्हा कार्ल त्याला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी मारतो, पलीकडच्या आणखी एका प्रदेशाच्या आशेने. पहिल्या उडीचे हे उलटे प्रतिबिंब. ही आत्महत्येची भलामण आहे, अशी टीका स्वीडनमध्ये झाली. ती सहज झटकून टाकण्यासारखी नाही. हे पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्याने शेवटाबद्दल त्याच्याशी बोलले पाहिजे. तरीही ही गोष्ट कार्ल स्वतः सांगतो आहे, हे ध्यानात घ्यावे. मरणाला भ्यालेल्या दहा वर्षांच्या मुलाला जी गोष्ट हवी असते, ती लिंडग्रेन यांनी त्याच्या तोंडी दिली आहे.

फिलिप पुलमन यांनी त्रिखंडी 'हिज डार्क मटेरिअल्स'च्या तिसऱ्या खंडात नेमक्या उलट दिशेने वाट काढली. 'दि अँबर स्पायग्लास' (२०००) हे व्हिटब्रेडचा वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा पुरस्कार मिळवणारे पहिले बालसाहित्य. त्यात लायरा आणि विल मृतांच्या जगात उतरतात. लायरा थापा मारण्यात पटाईत. तेथील पहारेकरी पक्षिणी तिची थाप ऐकून तिच्या अंगावर झेपावतात. पण ती मृतांना आपल्या गावच्या नदीच्या, चिखलात खेळलेल्या खेळांच्या खऱ्या गोष्टी सांगू लागते तेव्हा त्या शांत बसून ऐकतात. मग करार होतो : प्रत्येक मृताने आपल्या आयुष्याची खरी गोष्ट सांगावी, आणि पक्षिणींनी त्याला बाहेरच्या दारापर्यंत न्यावे. दाराबाहेर आत्मे हवेत विरघळतात. स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही. पण सांगायला गोष्ट असावी म्हणून डोळे उघडे ठेवून जगले पाहिजे, ही अट आहे.

'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) या पुस्तकामागेच एक मृत्यू आहे. शिव्हॉन डाउड या लेखिकेला ही कल्पना सुचली. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या, आणि पॅट्रिक नेस यांनी ती कादंबरी लिहिली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचा यू वृक्ष राक्षस होऊन येतो आणि सांगतो : मी तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. यू वृक्षापासून कर्करोगावरची औषधे खरोखरच मिळतात, म्हणून कॉनरला वाटते की राक्षस आईला बरे करायला आला आहे. तो आला आहे कॉनरसाठी. चौथी गोष्ट अशी, की हे सारे एकदाचे संपावे, असे त्याला मनातून वाटते आहे. घरात दीर्घ आजारपण काढलेल्या कोणालाही हा विचार ओळखीचा असेल. वास्तववादी कादंबरीत तो उच्चारताना मूल ओशाळले असते. झाडासमोर ते बोलते. अद्भुत साहित्य वास्तवापासून पळते, या आक्षेपाला माझ्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

या मालिकेत हॅरी पॉटरलाही त्याची जागा दिली पाहिजे. तो मराठीतही आला आहे, त्यामुळे विस्तार करीत नाही. त्याचा शत्रू आत्म्याचे तुकडे करून मरण टाळतो आणि हॅरी शेवटी स्वतःहून मरणाकडे चालत जातो, एवढे आठवले तरी तो या घराण्यातलाच हे पटेल. लेखन सुरू केल्यावर काही महिन्यांतच, १९९० च्या अखेरीस, जे. के. रोलिंग यांची आई वारली होती. ऑस्ट्रेलियन लेखक गार्थ निक्स यांची 'सॅब्रिएल' (१९९५) ही तुलनेने कमी चर्चेतली. तीत मृत्यू ही नऊ दरवाजांची नदी आहे, आणि परत येऊ पाहणाऱ्या मृतांना सात घंटांच्या साहाय्याने पुन्हा निजवणे हे नायिकेचे कुळाचार म्हणून आलेले काम.

'श्यामची आई' वाचून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मुलांच्या पुस्तकातला मृत्यू नवा नाही. तेथे तो घडतो तसा सांगितला आहे आणि त्यावर आपण रडलो आहोत. वर सांगितलेल्या कादंबऱ्या पुढचा प्रश्न विचारतात : मरण नसतेच तर काय झाले असते? तो विचारायचा तर मरण नसलेले जग उभे करून पाहावे लागते, आणि त्यासाठी जादू लागते. लिंडग्रेन, ले ग्विन आणि पुलमन यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणूनच ती एकापाठोपाठ वाचण्यात अर्थ आहे.

क्रम विचाराल तर असा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाबरोबर 'टक एव्हरलास्टिंग' मोठ्याने वाचावी. बाराव्या-तेराव्या वर्षी अर्थसीचा पहिला भाग त्याच्या हाती द्यावा. पुढचे भाग तो मागेल तेव्हा. 'सॅब्रिएल' चौदानंतर, पुलमन पंधरानंतर आणि तिन्ही खंड क्रमाने. लिंडग्रेन आधी आपण वाचावी, मग ठरवावे. 'अ मॉन्स्टर कॉल्स' जिम के यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांसहच घ्यावी. चित्रांवाचूनची आवृत्ती अपुरी आहे. ज्या घरात आजारपण चालू आहे, तेथे ती मुलाला देण्याआधी मोठ्यांनी एका बैठकीत वाचून काढावी. दोन-तीन तासांचे काम आहे, आणि त्यानंतर मुलाशी काय बोलायचे ते बहुधा सुचते.