नंगारा, डिले टॉवर आणि आपलं गॅदरिंग

पॉप कल्चरचा अभ्यास म्हटलं की आपल्या होस्टेलवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली. हा काय अभ्यासाचा विषय झाला? गाणी ऐकायची, पिक्चर बघायचे आणि वर डिग्री पण घ्यायची? पण मित्रांनो, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली याच कामासाठी स्वतंत्र केंद्र निघालं होतं. रिचर्ड हॉगर्ट यांनी ते सुरू केलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी वाढवलं. आपण वर्कशॉपमध्ये मशीन उघडून बघतो ना, तसे तिथले लोक गाणी, कपडे आणि टीव्ही उघडून बघायचे. हे कुणी बनवलं? कुणासाठी? पैसा कुणाला मिळाला आणि नाव कुणाचं झालं? ते केंद्र २००२ मध्ये बंद पडलं, विषय मात्र जगभर गेला.

आर्ट स्कूलमध्ये एक पाऊल पुढे. तिथे नुसतं उघडून बघायचं नाही, पुन्हा जोडून लोकांसमोर उभं करायचं. याचं सगळ्यात झकास उदाहरण आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेलं आहे. फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा सेंट पीटर्समध्ये होता, शाळेतच बँड काढला, मग लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. तोच फ्रेडी मर्क्युरी! 'क्वीन' बँडचं बोधचिन्ह त्यानेच काढलं, चौघांच्या राशींवरून. १३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'मध्ये त्याला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. समोर सत्तर हजारांवर माणसं, आणि सगळ्यांचे हात एकाच तालात डोक्यावर. नुसत्या आवाजावर हे होत नाही. लोकांनी कधी काय करायचं, तेही त्या कार्यक्रमाच्या रचनेत असतं.

त्याच बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे फिजिक्सवाला. (रखडलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली, ज्यांचे बॅकलॉग आहेत त्यांनी धीर धरावा.) १९७७ च्या एका गाण्यासाठी मोजक्या लोकांनी पाय आपटले. ती रेकॉर्डिंग त्याने वेगवेगळ्या डिलेने एकावर एक चढवली, आणि ते डिले मूळ संख्यांच्या हिशोबाने निवडले. त्यामुळे प्रतिध्वनी न वाटता हजारो माणसं पाय आपटताहेत असं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, लंडनचं ठीक, आपल्याकडे काय? आपल्याकडे पोहरादेवी आहे ना! वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं मंदिर, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून लाखो माणसं येतात. तिकीट नाही, अँकर नाही. तरी नंगारा वाजला की कुणी सांगावं लागत नाही, बाया गोल धरतात, मागची माणसं पुढच्यांचा शब्द उचलतात. वेम्बलीत जे घडवावं लागलं ते इथे पिढ्यांपासून अंगात मुरलेलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा!

तर आपल्या ब्रँचच्या भाषेत यातला एक प्रॉब्लेम बघू. मोठ्या मैदानात स्टेजपासून १०० मीटरवर दुसरे स्पीकर लावले. वायरमधला सिग्नल तिथे लगेच पोचतो, हवेतला आवाज रमतगमत येतो. म्हणून मागच्या माणसाला नंगाऱ्याचा एक ठोका दोनदा ऐकू येतो आणि तालाचा चिवडा होतो. उपाय म्हणजे त्या टॉवरला डिले द्यायचा. ध्वनीचा वेग साधारण ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट, मीटर प्रति सेकंद. रामनवमीच्या सुमारास आपल्याकडे ४० अंश धरले तर ३५५, म्हणजे १०० मीटरला सुमारे २८२ मिलिसेकंद. जानेवारीच्या रात्री १५ अंशाला तेच २९४. त्यावर दहा-पंधरा मिलिसेकंद मुद्दाम जास्त द्यायचे. आवाज टॉवरमधून आला तरी कानाला तो स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो. याला हास इफेक्ट म्हणतात. व्हायव्हात कुणी विचारणार नाही, पण साउंडवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

पण हॉलचे प्रश्न इथेही लागतातच. नाव कुणाचं, पैसा कुणाला? बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य देशभर पोचवणारा हा समाज. रेल्वे आली आणि धंदा बसला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जाती (अ) या यादीत आहेत, त्या 'विमुक्त' शब्दामागे हाच इतिहास आहे. आणि त्याच तांड्यावरचं आरशांचं भरतकाम आता 'बोहो' म्हणून मोठ्या दुकानांत लटकतं. किमतीच्या चिठ्ठीवर तांड्याचं नाव शोधून दाखवा!

आपण तरी काय वेगळं करतो? गॅदरिंगला 'बंजारा डान्स' असतो. नवरात्रातले घागरे भाड्याने आणायचे आणि सिनेमाचं गाणं लावायचं. फेटिया-कांचळी घालणारी, लेंगी म्हणणारी माणसं एसटीने तासाभरावर राहतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, डीजेच्या बजेटमधला चौथा हिस्सा काढून त्यांना बोलवावं. अर्धा तास, मानधन हातात, पत्रिकेवर नाव डीजेएवढ्याच टायपात. नंगाऱ्याला स्वतंत्र माइक, आणि तो सबवूफरपासून लांब, नाहीतर फीडबॅक ठरलेला. डफ शेकायला बाजूला थोडी जागा आणि विस्तव लागेल. फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवला की वॉर्डन सरांचीही हरकत नसावी.

खरी अडचण तारखेची आहे. गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत असतं. तेव्हा तांड्यावरची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, दाराला कुलूप. लेंगी तशीही होळीचीच. तेव्हा कार्यक्रम होळीनंतर ठेवायचा, की एखादा स्वतंत्र दिवस मागायचा, हे कल्चरल सेक्रेटरीने तारीख ठरण्याआधी तांड्यावर जाऊन नायकांना विचारावं. सबमिशनच्या तारखांचं काय ते एचओडी सरांशी बोलू.