घायपाताला कात्री लावण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांना बाग साफ करून हवी असते, आणि त्या सफाईत सगळ्यात आधी घायपात सापडतो. फाटकाजवळचा, पिवळ्या काठाचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर येणारा तो मोठा गुच्छ. खालची हिरवी पानं कोयत्याने उडवायची आणि वर नुसता शेंडा ठेवायचा, याला आमचे माळीमामा ‘अननस करणं’ म्हणतात. पुण्यातल्या बंगल्यांच्या बागा मी सांभाळते आणि या अननसावरून आमचं दरवर्षी वाजतं. “ताई, लोकांना मोकळं दिसायला पाहिजे,” मामा म्हणतात. मोकळं दिसतं खरं, पण त्याची किंमत झाड मोजतं.

द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करणारा आपला मुलूख. छाटलं की झाड जोमाने फुटतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. घायपाताच्या बाबतीत ते विसरावं लागतं. त्याची नवी पानं फक्त मधल्या कोंबातून येतात. कापलेल्या पानाच्या जागी दुसरं पान येत नाही, आणि पान अर्ध्यावर कापलं तर कड तपकिरी पडते ती पान गळेपर्यंत तशीच. शिवाय हे मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातलं झाड. पानांवरची रंध्रं ते रात्री उघडतं म्हणजे दिवसा पाणी उडून जात नाही, आणि साठवलेलं पाणी ठेवतं त्याच जाड पानांत. हिरवं पान काढणं म्हणजे तो साठाच काढून घेणं.

कधी जवळ जाऊन बघा. मधली पानं एकमेकांवर इतकी घट्ट गुंडाळलेली असतात की शेजारच्या पानाच्या काट्यांचे ठसे त्यांच्या पाठीवर उमटतात. पान मोठं होऊन बाहेर वळलं तरी ती नक्षी कायम दिसते. या कोंबाला कुणीही, कधीही हात लावायचा नाही.

मग कापायचं काय? फक्त वाळून कागदासारखं झालेलं, मोडलेलं किंवा कुजायला लागलेलं खालचं पान. अर्धवट पिवळं असेल तर थांबा. माझा साधा नियम आहे: जमिनीला समांतर आडव्या रेषेच्या वरचं पान कापायचं नाही. दिवाळी झाली की काम सुरू करावं आणि मेच्या मध्यापर्यंत संपवावं. कोकणात तर एप्रिलअखेरच हात आवरावा. कापलेली जागा उन्हात सुकून तिच्यावर कोरडा पापुद्रा धरला पाहिजे. ओल्या हवेत तिथून कुज आत शिरते, आणि कुज खोडापर्यंत गेली की झाड सहसा हाती लागत नाही.

आधी पानाचं काटेरी टोक उडवावं. मग पान खाली दाबून धरावं आणि बारीक दातांच्या करवतीने खोडालगत कापावं, खोडाला जखम होऊ न देता. मोठ्या घायपाताच्या पानाचं बूड मनगटाहून जाड असतं, तिथे छाटणीच्या कात्रीचं काही चालत नाही. दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसून घ्या. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा यांत तडजोड नको. घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कातडीला लागला तर खाज सुटते, लाल पुरळ उठतं, कधी फोडही येतात. म्हणून गवत कापायचं मशीन इथे अजिबात चालवू नका, रस चहूकडे उडतो. घरात लहान मुलं असतील तर काळ्या काट्याचं फक्त टोक नेलकटरने काढा. हिरव्या गराला धक्का लागता कामा नये.

बुडाशी आलेली पिल्लं मात्र खुशाल काढा. मुळासकट सोडवून आठवडाभर सावलीत सुकवा आणि मग लावा. पट्टेरी जातीत एखादं पिल्लू साधं हिरवं निघालं, तर ते आधी काढा. ते जोमाने वाढतं आणि पट्टेवाल्यांना मागे टाकतं.

एक दिवस, लावल्यापासून दहा ते तीस वर्षांत केव्हातरी, मधून वीस-पंचवीस फुटी दांडा उठतो. घायपात एकदाच फुलतो आणि मरतो. “दांडा कापला तर झाड वाचेल का?” हा प्रश्न मला हमखास येतो. वाचत नाही. टकिलासाठी घायपात पिकवणारे मेक्सिकोतले शेतकरी दांडा कापतात ते गोडवा गाभ्यात राहावा म्हणून, आणि पुढे तो गाभाच काढून भाजतात. आपल्याला टकिला करायची नाही, तेव्हा फुलू द्या. मधमाश्यांची चंगळ होते. दांडा वाळला की मात्र गाडीवर आडवा पडायच्या आत उतरवून घ्या.

इतकं करूनही वाटेत पानं लागत असतील, तर दोष झाडाचा नाही, जागेचा. पूर्ण वाढलेल्या मोठ्या घायपाताला सहा ते दहा फूट रुंदी लागते. तेवढी जागा नसेल, तर पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाल तेव्हा रोपांच्या स्टॉलवर बिनकाट्याचा, मऊ पानांचा घायपात म्हणजे अ‍ॅगेव्ह अ‍ॅटेन्यूआटा आहे का ते विचारा आणि तो कुंडीत लावा. फाटकाजवळ मोठा घायपात कृपा करून लावू नका.