वही मिटा आणि बोला

जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याचा आढावा चालू असतो. आशाताई मांडीवर वह्या घेऊन बसलेल्या. आकडे चाळताना तालुक्याहून आलेल्या मॅडम मध्येच विचारतात, "मागच्या महिन्यात लाल पट्टीत असलेलं बाळ यादीतून गेलं कुठं?" जिच्याकडे नजर वळते, तिला विचार करायला अर्धं मिनिटही मिळत नाही.

शहरांतल्या टोस्टमास्टर्स क्लबांत असं अचानक बोलण्याचा सराव करून घेतात. आयत्या वेळी विषय द्यायचा आणि त्यावर एक-दोन मिनिटं बोलायचं. त्यात वाईट काही नाही. पण जव्हार-मोखाड्यातल्या बैठकीत घोडं पेंड खातं ते वेगळ्या जागी. प्रश्न आला की हात पानं उलटू लागतो, डोळे रकान्यात उत्तर शोधतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही. खरं तर उत्तर वहीपेक्षा ताईलाच जास्त ठाऊक असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पुढं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा दंडघेर मोजला जातो: 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून 12.5 पर्यंत पिवळा. ज्या हातांनी पट्टी गुंडाळली, त्या हातांना आकडा आठवतो. वही दुसरीची बघून उतरवलेली असेल, तर मात्र कुठलीही युक्ती उपयोगाची नाही.

म्हणजे तयारी झालेलीच असते, अडतं ते क्रमाशी. बहुतेकजणी गोष्ट मुळापासून सांगू लागतात: सासू काय म्हणाली, एसटी कशी चुकली. उत्तर येईपर्यंत मॅडम पुढच्या पानावर गेलेल्या असतात. त्याऐवजी आधी उत्तर द्यावं: "मॅडम, बाळ आईबापासोबत भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलंय." मग स्वतः पाहिलेलं: "जाण्याआधी मोजलं तेव्हा दंडघेर 11.2 होता." शेवटी काय हवं ते: "तिथल्या अंगणवाडीला कळवायला पाहिजे." एवढं बोलून थांबावं. दिवाळीनंतर पाडे कसे ओस पडतात, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नसते.

आणि माहीतच नसेल तर? "आत्ता सांगता येणार नाही, उद्या घरी जाऊन बघते नि कळवते," हेही ठाम उत्तरच आहे. वेळ मारून नेण्यासाठी अंदाजानं ठोकून दिलेला आकडा सगळ्यात वाईट, कारण त्यावरच बाळाचे उपचार ठरतात.

दोष सगळा बोलणारीच्या माथी मारणं मला पटत नाही. घरी वारली किंवा कोकणा बोलणारीला 'स्थलांतरित लाभार्थी' असली सरकारी मराठी चारचौघांत जुळवावी लागते. ती आपल्या बोलीत बोलली, तर ऐकणाऱ्याचं काय बिघडतं? 1992 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका राज्यभर गाजला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक आकड्यामागं भीती आहे, विचारणाऱ्याच्या मनात आणि सांगणारीच्याही. सगळ्यांदेखत झापणारा साहेब समोर असला, की पुढच्या महिन्यात त्याला फक्त गोड आकडे ऐकायला मिळतात.

सरावाला क्लबच हवा असंही नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदाच सांगतो. तिथं ओळखीच्या बायकांत, आपल्या बोलीत, कुणीही मध्येच उठून प्रश्न विचारू शकतं: रेशन का आलं नाही, हातपंप कधी दुरुस्त होणार? ताईनं तिथं दोन-चारदा आयत्या वेळी उत्तरं दिली, तर आढाव्याची धास्ती कमी होईल. मात्र त्यासाठी सभा खरोखर भरायला हवी. रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे नि सह्या घेतल्या, की तीही कागदावरच उरकते.