फोराच्या बेटावरचे घर

खडकवासल्याच्या धरणाच्या भिंतीजवळ सायंकाळी घटकाभर उभे राहिले म्हणजे इंग्रजी अमदानीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कारण फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअराने आखलेली आणि १८६९ च्या सुमारास बांधावयास घेतलेली ती दगडी भिंत, तिच्यामागचा, त्या काळी ‘लेक फाइफ’ म्हणून ओळखला जाणारा जलाशय आणि मुठेचे पाणी पुण्यावरून पूर्वेच्या अवर्षणग्रस्त मुलखाकडे नेणारा कालवा, ही सारी पुरत्या स्थिरावलेल्या राज्याची लक्षणे आहेत. परंतु पश्चिम किनाऱ्यावर या राज्याने आपल्या हुकमतीची पहिली भूमी ज्या जागी ताब्यात घेतली, ती जागा म्हणजे मुंबई बेटावरचे एक बागाइती घर होते, आणि तेही दुसऱ्याचे.

त्या घराशी नाव जोडले गेले आहे ते गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ऊठबस होती, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने त्याला वार्षिक खंडाने लावून दिले. या खंडास पोर्तुगीज भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ जमिनी आणि फोरास रोड यांच्या नावांत तो शब्द अजून जिवंत आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात ओर्ताने या बेटावरील, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या आंब्याचा उल्लेख मोठ्या प्रेमाने केला आहे. मालुपा नावाच्या हिंदू वैद्यालाही त्याने त्या ग्रंथात बोलते केले आहे. परभूमीत येऊन तेथील जाणत्यांचे ऐकून घेणारा हा मनुष्य मला फार जवळचा वाटतो. १५६८ साली तो वारला, आणि पुढे १५८० साली, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

घरालाही आगीचा भोग चुकला नाही. १६२६ साली इंग्रज व डच गलबतांनी मुंबईवर छापा घालून ते पेटवून दिले. पुढे ते पुन्हा नांदते झाले, आणि १६६१ च्या विवाहतहाने बेट इंग्लंडच्या राजाकडे गेल्यावर, १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, बेटाची मालकीण डोना इग्नेस द मिरांदा हिच्या याच घरी हंफ्रे कुक याने कबजा घेतला. त्या वेळी त्याने इथली माती आणि दगड हातात घेतले व बुरुजांवरून तो फिरला, अशी कबजापत्रात नोंद आहे. मुठीत माती घेऊन भूमीचा ताबा घ्यावयाचा हा विधी कोणत्याही कुळकर्ण्याला सहज उमजला असता.

त्यानंतर आठ वर्षांनी आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना मन खिन्न होते. घराच्या रक्षणास अवघ्या चार पितळी तोफा होत्या, मात्र त्याच्याभोवतीची बाग हिंदुस्थानात सर्वांत रमणीय म्हणून वाखाणली जाई. ती तोडून इंग्रजांनी तेथे तट चढविले, आणि ज्या वाटांवर पूर्वी वृक्षांची गर्द सावली होती त्या उघड्या उन्हात तोफांनी भरून गेल्या.

म्हणूनच या स्थळाचे वाचन पुरातत्त्वाच्या दृष्टीने कांद्याच्या पापुद्र्यांसारखे करावे लागते: घराभोवती मुंबईचा कोट, कोटाभोवती फोर्टची शहरभिंत, आणि १८६० नंतरच्या दशकात ती शहरभिंत पाडली गेल्यावर उरलेला आतला गाभा. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमागे, नौदलाच्या आय.एन.एस. आंग्रे या ठाण्यात, तो आजही आहे; परवानगीवाचून तेथे कोणास जाता येत नाही. दोन्ही अंगांस गोल धारण केलेल्या पोर्तुगीज शिपायांच्या आकृती असलेला दरवाजा तेथे पाहावयास मिळतो, आणि आतल्या आवारात दगडी छायाघटिका आहे. बागेचे मात्र पानही उरलेले नाही. दोनदा फळणारा तो आंबा नेमका कोणत्या कोपऱ्यात उभा होता, हे त्या आवारातल्या एकाही दगडावर कोरलेले नाही.