चक्क्याचं फडकं

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला गाठोडं लटकतं, खाली पातेलं. दिवे मालवल्यावरही टप् टप् ऐकू येत राहतं.

फडकं सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं आहे, सासूबाईंनी फाडून, कडा दुमडून दिलेलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की ओलं केलं की हाताला कापड लागतच नाही. दुकानात मलमल मीटरवर मिळते, पण कोऱ्या कापडात खळ असते. एका वर्षी मी घाईत नवं कापड नुसतं खळबळून दही बांधलं. पाणी वरच तुंबून राहिलं आणि श्रीखंडाला कोऱ्या कापडाचा वास आला. पाहुण्यांनी काही म्हटलं नाही, मला मात्र तो घास गिळवेना. तेव्हापासून नवं कापड रात्रभर भिजवते, दोनदा उकळते, कडक उन्हात वाळवते.

दही घालण्याआधी फडकं ओलं करून घट्ट पिळायचं. चाळणीवर पसरायचं आणि दही डावानं थर उचलून अलगद ठेवायचं. घुसळल्यासारखं ओतलं तर दाणे कापडातून निसटतात. पहिलं पाणी दुधट येतं, मग स्वच्छ, हिरवट-पिवळ्या झाकेचं. ही झाक ब-२ जीवनसत्त्वाची, म्हणून ते पाणी मी कधी ओतून देत नाही. थालीपिठाचं पीठ त्यातच भिजवते.

तीन कोपरे मुठीत धरायचे, चौथ्यानं त्यांना वेढा देऊन गाठ मारायची. आणि पिळायचं नाही! हा मोह फार होतो. दाबलं की दही विणीच्या भोकांत जाऊन बसतं, वाट बुजते आणि मधला गोळा ओलाच राहतो. दह्याच्या स्वतःच्या वजनानं, सावकाश, सहा-सात तासांत जे निथळतं तेच खरं. चैत्राच्या उकाड्यात तेवढ्यात दही आंबतं, म्हणून दोन तास टांगून पुढे चाळणीसकट फ्रिजमध्ये ठेवते.

सकाळी गाठ सोडली की कळतं. फडकं सालीसारखं सुटून आलं आणि चक्क्यावर विणीचे बारीक चौकोन उमटले, की तो तयार. पूर्वी पातेल्याच्या तोंडाला असंच फडकं ताणून बांधत आणि साखर घातलेला चक्का तळहातानं घासून गाळत. आता आमच्याकडे पुरणयंत्र आहे, पण कापडातून उतरलेल्या श्रीखंडाचा मऊपणा जाळीतून येत नाही, असं माझं मत आहे.

वापरलेलं फडकं आधी गार पाण्यातच धुवायचं. गरम पाण्यानं दुधाचा अंश धाग्यांत घट्ट बसतो.

मटकीचं फडकं मात्र वेगळं. भिजलेली मटकी बांधून ठेवली की रात्रीतून मोड कापड भेदून बाहेर येतात, गाठोड्याला पांढरी लव फुटल्यासारखी दिसते. ते ओढून काढले तर तुटतात. फडकं उलटं करून पाण्यात धरायचं आणि आतून बोटानं हलकेच टिचकी मारायची, एकेक दाणा मोडासकट सुटून खाली जातो.