समुद्रावरची जागल

दर्यापूर तालुक्यात एका शेतात बोअरसाठी सर्व्हे चालला होता. खारपाणपट्ट्यात खाली कुठे गोडं पाणी लागतं का, हे पाहायला मी गेलो होतो. लोखंडी सळया ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा, मीटरवरचा आकडा लिहायचा. आकडा एकदम उतरला की खाली खारं पाणी. सळया ठोकणारा पोरगा मध्येच म्हणाला, "भाऊ, समुद्रात आमी आवाज सोडत होतो."

तो भूगर्भशास्त्र शिकून काही वर्षं तेल शोधणाऱ्या जहाजावर होता. 1974 साली मुंबई हायमध्ये तेल लागलं, त्याच्या आधीही असेच सर्व्हे झाले होते. जहाजामागे एअरगन ओढत न्यायच्या. दाबून भरलेली हवा दर दहा-पंधरा सेकंदांनी सुटते, तिचा धडाका समुद्रतळाखालच्या खडकांवर आदळून परततो आणि काही किलोमीटर लांबीच्या केबलमधले हायड्रोफोन तो टिपतात. हे रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालतं.

त्याचं काम मात्र डेकवर उभं राहून पाणी न्याहाळायचं. "तीस मिनिटं," तो म्हणाला. "गन सुरू व्हाच्या आधी तीस मिनिटं दुर्बीण डोळ्याले. पाचशे मीटरच्या आत डॉल्फिन, देवमासा दिसला का थांबाचं. मंग हळूहळू आवाज वाढवाचा." ब्रिटनने 1995 साली घालून दिलेल्या नियमांतून आलेली ही पद्धत. खोल समुद्रात तीसऐवजी साठ मिनिटं.

आपल्याकडे शेतात जागल करतात ती रोही-डुकरांना हाकलायला. इथे जागल जनावरासाठी, आणि थांबायचं ते आपण.

एकदा पिल्लासकट डॉल्फिन दिसले, तेव्हा त्याने काम थांबवलं. साहेब घड्याळ पाहत राहिला. "थांबा म्हननाऱ्याचा पगार कोन देतं?" मी विचारलं. "कंपनीच."

तो प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात देवमासे आणि डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे तर इतर समुद्रांतल्या भाईबंदांसारखं लांबचं स्थलांतरही करत नाहीत. आवाज आला तर त्यांनी जायचं कुठे? उलट 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने, त्या क्षेत्राला भौतिक सर्वेक्षणाची आधीची मंजुरी असली की ड्रिलिंगविना होणाऱ्या शोध-सर्वेक्षणाला सूट दिली. 2020 च्या जानेवारीत तर तेल-वायूच्या शोधासाठीचं ड्रिलिंगही जनसुनावणी लागत नाही अशा गटात गेलं.

"अन् मासे?" मी विचारलं. "मासे दुर्बिणीत दिसत नाई, भाऊ." नॉर्वेजवळ झालेल्या, 1996 साली छापलेल्या अभ्यासात एअरगन चालल्यावर कॉड आणि हॅडॉकची पकड सरासरी निम्म्यावर आली होती. टास्मानियाजवळ 2017 च्या अभ्यासात तर सूक्ष्म प्राणिप्लवक 1.2 किलोमीटरपर्यंत मेलेले सापडले. ज्यावर मासळी जगते ते प्लवक सव्वा किलोमीटरवर मरतं आणि आपण पाचशे मीटरचं रिंगण पाहतो! सर्व्हे लागला की जाळी काढून घ्यायला लागतात ती कोळ्यांना.

ती तीस मिनिटं आपल्या कायद्यात बंधनकारक म्हणून लिहिली जावीत. सर्व्हे मासळीच्या विणीचा हंगाम टाळून व्हावा. रात्री दुर्बीण आंधळी असते, तेव्हा पाण्यात सोडलेल्या माइकवर कान ठेवणारा माणूस सक्तीचा हवा. आणि "थांबा" म्हणणाऱ्या त्या पोराचा पगार कंपनीने नाही, सरकारने द्यावा.